कांदा-लिंबू जादा द्या, मावशी

परभणीत जिंतूर रोडच्या आतल्या एका गल्लीत 22 वर्षांपासून मी खानावळ चालवते. रोज 60-65 डबे जातात, वीसेक पोरं घरी येऊन जेवतात. वरच्या मजल्यावर तीन खोल्या आहेत, त्याही पोरांनाच भाड्यानं दिलेल्या. जिंतूर, सेलू, पालम, सोनपेठ, पलीकडं सेनगाव-कळमनुरीची लेकरं. कुणी बीएस्सी करतं, कुणी इंजिनिअरिंग, कुणी पोलीस भरतीसाठी पहाटे चारला उठून पळायला जातं. मी सगळ्यांची मावशी.

या धंद्यात काही गोष्टी न विचारता कळतात. डबा न्यायला आलेलं पोरगं दारात घुटमळतं आणि खाली बघत म्हणतं, "मावशी, आज कांदा-लिंबू जादा द्या ना." समजायचं, आज यांचं बसायचं ठरलंय. वरणावर पिळायला लिंबू मागणारं पोरगं असं खाली बघत नाही. दुसऱ्या दिवशी डबा परत येतो तेव्हा पोळ्या तशाच, भाजी तशीच. कांदा, लिंबू आणि शेंगदाण्याची चटणी तेवढी चाटूनपुसून. माझी चटणी चकणा म्हणून किती खोल्यांत गेली असेल, देव जाणे. पोरींचेही डबे जातात. पोरी पीत नाहीत असं मी म्हणणार नाही, त्या कांदा मागत नाहीत एवढंच सांगते.

बसण्याचंही एक पंचांग आहे. शनिवार मारुतीचा, म्हणून बरीच पोरं घेत नाहीत. गुरुवारही कोरडा. एकादशी पाळणारेही आहेत, विशेषतः ज्यांच्या घरी माळ आहे ते. श्रावणात कडकडीत बंद, आणि त्याची वसुली आधीच गटारीला. मग वाढदिवस, गॅदरिंग, 31 डिसेंबर, शेवटचा पेपर, आणि सगळ्यात मोठं म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधला सेंड-ऑफ. ड्राय डेला तर हमखास, कारण आदल्या दिवशी आणून ठेवलेली असते. जे मिळणार नाही म्हटलं ते आधी आणून ठेवायचं, हा माणसाचा स्वभाव. मीही साखरेचं तसंच करते.

बाहेरच्या माणसाला वाटेल, सगळीच पोरं वाया गेली. तसं नाही. माझ्या 65 डब्यांत कांदा-लिंबूवाले फार तर दहा-बारा, आणि त्यातले रोजचे म्हणावेत असे दोन. 2019 ते 2021 मध्ये सरकारनं घरोघरी जी कुटुंब आरोग्य पाहणी केली, तिच्यात महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरच्या 100 पुरुषांत दारू घेणारे 14 सुद्धा भरले नाहीत. तोंडावर विचारल्यावर खरं कोण सांगतं, हे सोडून देऊ. दुप्पट धरले तरी न घेणारेच जास्त. पण खोलीत बसलेल्या नव्या पोराला विचारा. तो म्हणेल, "मावशी, सगळेच घेतात." त्याला दिसतात ते घेणारेच. न घेणारा आठ वाजता जेवून, पुस्तक डोक्याखाली घेऊन झोपलेला असतो. तो कुणाला दिसणार?

पहिला घोट बहुतेकांनी नको नको म्हणतच घेतलेला असतो. सीनियर ग्लास पुढं करतो, "अरे चाखून तर बघ, काय बाईमाणसासारखं करतोस" म्हणतो. या वाक्यानं जितकी पोरं बाटलीला लागली तितकी कुठल्या सिनेमानं लागली नसतील. बाईमाणूस म्हणून मला त्याचा राग येतो, तो वेगळाच.

आता कायद्याचं. माझ्याकडं जेवणारा, वकिली शिकणारा एक मुलगा आहे, त्यानं मला जेवताजेवता सांगितलं. महाराष्ट्रात बीअर प्यायला 21 वर्षं पूर्ण लागतात आणि दारूला 25. वर परवाना लागतो, एका दिवसाचा 5 रुपयांना, देशीचा 2 रुपयांना. मी हसले. 22 वर्षांत एकाही पोराच्या खिशात मी तो परवाना बघितलेला नाही, आणि वयाचा दाखला मागणारा दुकानदार बघितल्याचं कुणी पोर सांगत नाही. कॉलेजात शिकणारं जवळजवळ प्रत्येक पोरगं 25 च्या आतलं. म्हणजे कायद्यानं हा प्रश्नच नाही. जे असायलाच नको ते नाहीच, असं धरून सगळे मोकळे. कॉलेज म्हणतं, आमच्या गेटच्या आत काही नाही. खरंच आहे ते, गेटच्या आत नसतंच. शाळा-कॉलेजपासून दुकान 75 मीटर लांब पाहिजे, असा नियम आहे. तंबाखूला 100 यार्ड. ही मापं ज्यांनी काढली त्यांना, पोराला दोन पाय आणि त्याच्या दोस्ताला मोटारसायकल असते हे कुणी सांगितलं नसावं.

मोटारसायकलवरनं आठवलं. 2016 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, हायवेच्या 500 मीटरच्या आत दारू विकायची नाही. 1 एप्रिल 2017 पासून दुकानांची शटरं खाली आली. आम्ही बायकांनी देवाला नारळ फोडला. झालं काय, तर पोरं एका गाडीवर तिघं बसून आडरस्त्यानं लांबच्या ढाब्यावर जायला लागली. आणि परत येताना त्याच गाडीवर तिघं. काही महिन्यांत शहराच्या हद्दीला सूट मिळाली, शटरं वर गेली. ते चार महिने मी रात्री गाडीचा आवाज आल्याशिवाय झोपत नव्हते.

किमतीचंही असंच. 2025 च्या जूनमध्ये सरकारनं दारूवरचा कर वाढवला. 180 मिलीची क्वार्टर, जी दीडशेच्या आत मिळायची, ती 205 च्या खाली मिळेना. देशी 80 वर गेली. यातून 14 हजार कोटी जादा मिळतील, असा सरकारचा हिशोब पेपरात आला होता. पोरांचा हिशोब असा, की दोघांत जी घेत होते ती चौघांत घेऊ लागले किंवा सरळ देशीवर उतरले. बापाकडनं येणारे पैसे तेवढेच. कापूस-सोयाबीनचा भाव वाढला तर ते वाढणार.

माझे सासरे रझाकाराच्या वेळच्या गोष्टी सांगायचे. स्वामी रामानंद तीर्थांच्या लढ्यात माणसं रात्री जाऊन शिंदीची झाडं तोडायची. का, तर शिंदीवरच्या आबकारीतनं निजामाची तिजोरी भरायची. झाड पाडलं की तेवढा महसूल पडला. कॉलेज सोडून आलेली पोरंही त्यात होती. निजाम गेला. आबकारी राहिली, नाव तेवढं राज्य उत्पादन शुल्क झालं. एका हातानं 2 ऑक्टोबरपासून दारूबंदी सप्ताह करायचा आणि दुसऱ्या हातानं 14 हजार कोटी मोजायचे, अशा सरकारकडून माझी फार अपेक्षा नाही. आमच्या माहेराकडं बायकांनी आडव्या बाटलीला मत द्यायचं म्हणून कंबर कसली होती. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं, ही चांगली सोय आहे. पण ती दुकानासाठी. माझ्या वरच्या मजल्यावरच्या दहा बाय बाराच्या खोलीसाठी कुठली मतपत्रिका आणू?

आता त्या खोलीचंच सांगते, कारण हे सगळं लिहायला बसले ते त्यासाठीच.

तीन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. सेंड-ऑफचा दिवस. संध्याकाळी वरच्या खोलीतल्या मुलानं कांदा-लिंबू जादा मागितलं, मी दिलं. "काय रे, आज काय विशेष?" म्हणाले, तो हसला, मीही हसले. रात्री दीड वाजता दार वाजलं. तोच मुलगा. म्हणाला, "मावशी, अजून लिंबू आहे का?"

रात्री दीड वाजता कुणी लिंबू मागतं का? मी चप्पल न घालता जिना चढले. खोलीत सहा पोरं उभी आणि सातवा गादीवर उताणा. सेकंड इयरचं लेकरू, 19 वर्षांचं. अंगावर ओकलेलं, तोंडात ओकलेलं, ओठ जांभळट, आणि श्वास असा की मध्येच थांबायचा, आपण मोजत बसावं आणि मग खरखर करत परत यायचा. एकजण त्याच्या तोंडावर पाणी मारत होता. दुसऱ्यानं लिंबू पिळलेलं पाणी चमच्यानं पाजायचा प्रयत्न केला होता, ते गालावरून कानात गेलं होतं. माझी सासू आजारी असताना मी दोन वर्षं तिचं केलं, तेवढीच माझी विद्या. मी त्याला कुशीवर वळवलं, पदरानं तोंड आतून पुसून काढलं आणि ओरडले, "108 ला फोन लावा!"

कुणी लावेना.

सहाही जणांच्या हातात फोन होते, हो. एकानं तर त्याचा दिवा लावून मला उजेड धरला होता. पण फोन लावेना कुणी. नंतर कळलं, पाऊण तास त्यांचा हाच वाद चालला होता. फोन केला तर पोलीस येतील. कॉलेजला कळलं तर नाव काढतील. एकाची स्कॉलरशिप होती, एकाचा बाप माळकरी. "झोपू दे, उतरेल सकाळपर्यंत," असं शेवटी ठरलं होतं. तेवढ्यात लिंबाची आठवण झाली म्हणून मला उठवलं. शेवटी मी माझ्या साध्या फोनवरून 108 लावला. पंचवीस मिनिटांनी गाडी आली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय प्यायला, किती प्यायला, किती वाजता?" तीन साधे प्रश्न. सहा पोरं फरशीकडं बघत उभी. डॉक्टरांनी परत विचारलं. मग एक रडत म्हणाला, "सर, पैज लागली होती." अर्धी बाटली एका दमात. पोटात सकाळच्या पोह्यांशिवाय काही नाही.

तो वाचला. पहाटे त्या डॉक्टरांनी मला बाकावर बसवून जे सांगितलं, ते मी तसंच सांगते, कारण साठ वर्षांची झाले तरी मला ते ठाऊक नव्हतं. पिणं थांबलं म्हणून चढणं थांबत नाही. पोटातली दारू रक्तात उतरत राहते, म्हणजे झोपलेल्या माणसाची नशा कमी होण्याऐवजी आणखी अर्धा-पाऊण तास वाढतही असते. लिंबू, ताक, कॉफी, थंड पाणी, यातल्या कशानंही उतरत नाही. ते काम लिव्हर करतं, त्याला लागेल तेवढा वेळ लागतोच. आणि बेशुद्ध माणूस उताणा पडला की ओकारी श्वासनळीत जाते. माणूस गुदमरून मरतो. म्हणून कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, हलवून उठत नसेल, श्वास अडखळत असेल, ओठ निळे-जांभळे दिसत असतील तर फोन करायचा. तोंडात काहीही घालायचं नाही.

म्हणजे मी इतकी वर्षं जे लिंबू देत आले, त्याचा उपयोग शून्य.

सकाळी नऊच्या एसटीनं त्याचा बाप आला. टोपी हातात, पायजम्याला माती. बहुतेक रानातनंच निघाला असावा. तो पोराला ओरडला नाही, पोरांनाही काही म्हणाला नाही. माझ्यासमोर हात जोडले आणि विचारलं, "मावशी, तुम्हाला माहीत होतं का हो?"

मी म्हणाले, "नाही हो दादा."

माहीत होतं. संध्याकाळी सातलाच माहीत होतं. पण वरच्या तीन खोल्यांचं भाडं येतं त्यावर माझ्या घराचं कर्ज फिटतं. पोरांना टोकलं तर ती दुसऱ्या गल्लीत जातात, खोल्या काय कमी आहेत का परभणीत? म्हणून मीही कॉलेजसारखंच केलं. माझ्या गेटच्या आत काही नाही.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सगळ्यांना सांगत सुटले आहे. पोरांनी पिऊ नये हे खरंच, पण पाऊण तास जो गेला तो दारूनं नाही गेला, भीतीनं गेला. नाव काढतील ही भीती आपण घातली. धाक चांगला म्हणून घातली. तो धाक पिणाऱ्याला अडवत नाही, हे मी डब्यावरून सांगू शकते. फोन करणाऱ्याला मात्र नक्की अडवतो.

रॅगिंगचं बघा ना. 2009 च्या मार्चमध्ये हिमाचलातल्या टांड्याच्या मेडिकल कॉलेजात अमन काचरू नावाचा पहिल्या वर्षाचा मुलगा दारू प्यालेल्या सीनियरांच्या मारानं गेला. त्याच वर्षी यूजीसीनं रॅगिंगविरोधी नियम काढले. आता प्रवेशाच्या वेळी मुलानं आणि पालकानं दोघांनी लिहून द्यावं लागतं, देशभर एक फोन नंबर आहे, 1800-180-5522, कॉलेजाच्या भिंतीवर त्याचे फलक असतात. कॉलेजच्या बाहेरची खासगी वसतिगृहं पोलिसांकडं नोंदलेली असावीत, असंही त्या नियमात आहे. माझ्या तीन खोल्यांची कुठंच नोंद नव्हती, हे इथं कबूल करते. पण रॅगिंगसाठी एवढं करता आलं, तर दारूसाठी एक ओळ लिहून लावता येत नाही का? "दोस्त बेशुद्ध असेल तर फोन करा. फोन करणाऱ्यावर आणि आजारी पडलेल्यावर कॉलेज कारवाई करणार नाही." बस, एवढीच. अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांनी असा नियम करून आता कितीतरी वर्षं झाली, असं तिकडं शिकणारा माझा भाचा सांगतो. तिथलं इथं चालत नाही, असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं. लेकराचा श्वास सगळीकडं सारखाच अडकतो.

हे मी एका कॉलेजच्या सरांना बोलले. ते चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, "मावशी, असं लिहिलं तर आमच्याकडं पितात असं आम्हीच कबूल केल्यासारखं होईल. शिवाय ही पोरांना मोकळीकच झाली." मोकळीक कसली? ज्यानं पाजली, पैज लावली, ज्युनियरला ग्लास धरायला लावला, त्याला जरूर काढा. दुकानदारानं वय न विचारता विकली, त्याचा परवाना जरूर बघा. पण धावत जिना उतरून मावशीला उठवणाऱ्या पोराला त्याच रांगेत उभं करू नका. आणि कबूल करण्याचं म्हणाल तर, पुण्यात मे 2024 मध्ये बारावी झाल्याच्या आनंदात पिऊन 17 वर्षांच्या मुलानं कल्याणीनगरात दोन तरुण इंजिनियरांना गाडीखाली घेतलं. तेव्हा जामिनासाठी त्याला लिहायला सांगितलेला निबंध 300 शब्दांचा की किती, यावर महिनाभर राज्य बोलत होतं. त्याच्या दारूचं निदान बिल सापडलं, कॅमेऱ्यातलं चित्र सापडलं. आमच्या पोरांच्या बसण्याचं ना बिल ना चित्र. आम्ही कबूल केलं नाही तर ते झालंच नाही.

घरमालकांना आणि माझ्या धंद्यातल्या बायांना मला वेगळं सांगायचं आहे. बापाला फोन करून चुगली करा, असं मी म्हणत नाही. मी एकदा करून बघितलं. त्या मुलाचं शिक्षण बापानं त्याच महिन्यात सोडवलं आणि त्याला रानात नेऊन जुंपलं. ते ओझं माझ्यावर आहे. पण हसून कांदा देऊ नका. दारात थांबवा. "किती जण आहात? जेवलात का? गाडी कुणी चालवणार नाही ना?" एवढं विचारा. पोर लाजतं, पण सांगतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मलाच जीभ जड झाली होती. आता नाही होत. दोन पोरं या पायी खोली सोडून गेली, ती खोली पंधरा दिवस रिकामी राहिली, मग भरली.

त्या रात्री वाचलेला तो मुलगा पास होऊन गेला. गेल्या दिवाळीत पेढे घेऊन आला होता, एका बँकेत लागलाय. पीत नाही म्हणाला. मी खोदून विचारलं नाही.

जिन्याचा दिवा आता रात्रभर चालू असतो. दिव्याखाली भिंतीवर ऑइल पेंटनं मोठ्या अक्षरात 108 लिहिलंय आणि त्याखाली माझा नंबर. जूनमध्ये नवी पोरं खोली बघायला येतात, तेव्हा आधी तो नंबर त्यांच्या फोनात घालायला लावते आणि माझ्यासमोर एक रिंग द्यायला सांगते. डिपॉझिटचं त्यानंतर बोलते.